पोटरीतला रक्तप्रवाह एमआरआयवर मोजायचा असेल तर आधी शून्य मोजून दाखवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही फिजिओथेरपीत पीएचडी करताय, नागपुरात ३ टेस्लाचं मशीन रविवारी मिळतं, चालताना पोटरी दुखणारे म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले पेशंट घेऊन १२ आठवडे चालण्याचा व्यायाम द्यायचा, आणि आधी-नंतर पोटरीच्या स्नायूतला रक्तप्रवाह मोजायचा. त्यासाठी तुम्ही एएसएल (आर्टिरियल स्पिन लेबलिंग) ही एमआरआयची पद्धत लावून बघितली, आडवं झोपवून, तर एका माणसाचा आकडा ८ (१०० ग्रॅम स्नायूला मिनिटाला मिलीलिटर) आला आणि दुसऱ्याचा उणे २. आता रेडिओलॉजिस्ट म्हणतायत काँट्रास्ट द्या, गाइड म्हणतात बोल्ड (रक्तातल्या ऑक्सिजनवर चालणारी एमआरआयची पद्धत) करा, आणि तुम्ही विचारताय मशीन बिघडलंय का.

मशीन ठीक आहे. उणे २ हा आकडासुद्धा ठीकच आहे, खरं तर तो तुमचा सगळ्यात प्रामाणिक आकडा आहे. का ते सांगतो, थोडं गणित करावं लागेल पण बेरीज-गुणाकाराच्या पलीकडे काही नाही.

आधी एएसएल काय करतं ते दोन वाक्यांत. इंजेक्शन न देता शरीरातल्याच रक्तातल्या पाण्याचं चुंबकत्व रेडिओ पल्सने उलटं करायचं (हेच लेबल लावणं), ते रक्त स्नायूत पोचायला दीड-दोन सेकंद थांबायचं आणि फोटो काढायचा, मग तसंच पण रक्त न उलटवता दुसरा फोटो काढायचा आणि दोन्हींची वजाबाकी करायची. स्थिर स्नायू दोन्हीकडे सारखाच म्हणून तो उडून जातो आणि उरतं ते नवीन आलेलं रक्त. १९९२ साली जॉन डेट्रे, अॅलन कोरेट्स्की वगैरे मंडळींनी उंदराच्या मेंदूवर हे दाखवलं आणि पुढची सगळी पद्धत मेंदूसाठीच घासूनपुसून तयार झाली. तुमच्या मशीनवर जो रेडिमेड प्रोटोकॉल आहे तो पण मेंदूचाच असणार, आणि गोची तिथेच आहे.

मेंदूच्या करड्या भागात १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला ५० ते ६० मिलीलिटर रक्त जातं. आडव्या पडलेल्या माणसाच्या पोटरीत जातं २ ते ४. म्हणजे पंधरा-वीस पट कमी. आता हे सिग्नलमध्ये किती होतं बघा. तुमच्या सेटिंगमध्ये रक्ताचा बोलस (लेबल लागलेल्या रक्ताचा लोंढा) ०.८ सेकंद, थांबायचा वेळ १.८ सेकंद आहे असं तुम्ही लिहिलंय, ३ टेस्लावर रक्ताचा टी-वन (चुंबकत्व मूळ स्थितीला परतायचा वेळ) १.६५ सेकंद धरतात, रक्त-ऊती वाटपाचा गुणांक ०.९, उलटवण्याची कार्यक्षमता ०.९८. हे सगळं नेहमीच्या समीकरणात घातलं की उत्तर येतं: दोन फोटोंमध्ये मूळ सिग्नलच्या ०.१ टक्का फरक असेल तर प्रवाह साधारण १०. मग प्रवाह ३ असेल तर फरक किती, ०.०३ टक्के. दहा हजारात तीन!

आता नॉइज बघा. अशा फास्ट इमेजमध्ये एका पिक्सेलचा नॉइज १ टक्का असेल तर तो चांगला स्कॅन म्हणायचा. वजाबाकी केली की तो १.४ टक्के होतो. तुम्ही २० जोड्या घेतल्या म्हणून ०.३ च्या आसपास आला, आणि सोलियसमध्ये (पोटरीच्या आतल्या स्नायूत) ३ मिलिमीटरचे २०० पिक्सेल घेऊन सरासरी काढली तर ०.०२२ टक्के. म्हणजे नुसत्या मशीनच्या नॉइजमुळेच तुमचा आकडा दोन-सव्वादोनने वरखाली होणार, आणि तुम्हाला मोजायचाय ३! त्यात पाय जरासा हलला, नाडीचे ठोके आले, आरओआयमध्ये (सरासरीसाठी आखलेल्या भागात) एखादी धमनी शिरली, की ८ पण येतो आणि उणे २ पण येतो. वरातीत डीजेशेजारी उभं राहून कुणाची कुजबुज ऐकायची म्हटल्यासारखं आहे ते.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो, कारण बरेच लोक करतात. उणे आकडे आले म्हणून त्यांना शून्य करू नका, आणि वजाबाकीची अॅब्सोल्यूट व्हॅल्यू (उणे चिन्ह काढून टाकलेला आकडा) तर अजिबात घेऊ नका. उणे-अधिक नॉइज सरासरीत एकमेकांना खातो म्हणून तर सरासरी खरी येते, तुम्ही उणे बाजू कापली की नॉइजचाच रक्तप्रवाह बनतो आणि मग प्रत्येक पेशंटला छान दिसणारा, पटण्यासारखा, आणि पूर्ण खोटा आकडा मिळतो. काही सॉफ्टवेअर हे गुपचूप करतात, सेटिंग उघडून बघा. म्हणून म्हटलं की उणे २ प्रामाणिक आहे, निदान तुमचं सॉफ्टवेअर लपवत नाहीये.

मग करायचं काय? रेस्टचा आकडा सोडून द्या. हे ऐकायला विचित्र वाटेल पण तुमच्या पेशंटमध्ये रेस्टला फारसा फरक नसतोच. धमनी अरुंद झाली तरी पुढच्या बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन आरामातली गरज भागवून घेतात, अगदी आजार खूप पुढे गेल्यावरच आरामातला प्रवाह कोसळतो. माणूस बसलेला असताना पाय दुखत नाही, चालताना दुखतो, हे त्याच्या तक्रारीतच आहे ना. म्हणजे मोजायचं ते ताण दिल्यावर.

ताण द्यायचे दोन मार्ग, कफ आणि व्यायाम. तुमच्यासाठी कफ. मांडीला रुंद कफ बांधायचा, सिस्टोलिक म्हणजे वरच्या रक्तदाबाच्या बऱ्यापैकी वर, साधारण २०० ते २५० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगवायचा, ५ मिनिटं ठेवायचा आणि झटक्यात सोडायचा. उपाशी राहिलेला स्नायू मग धडाधड रक्त ओढतो, तरुण निरोगी माणसात आरामापेक्षा दहा पटीहून जास्तसुद्धा. प्रवाह ६० ला पोचला तर सिग्नल ०.६ टक्के, आणि आता एकाच जोडीत, सरासरी न काढता, २०० पिक्सेलवर नॉइज ०.१ टक्का म्हणजे आकड्यात १०. साठावर दहाची चूक चालते, तीनवर दोनची चालत नाही. शिवाय दर ८ सेकंदाला एक बिंदू मिळतो (टीआर म्हणजे दोन फोटोंमधला वेळ ४ सेकंद धरून), त्यामुळे वर चढण्याचा आणि उतरण्याचा पूर्ण आलेख मिळतो. पेशंटमध्ये दोन गोष्टी बिघडलेल्या दिसतात, शिखर बुटकं होतं आणि शिखराला पोचायला उशीर होतो. मला विचाराल तर उशीर हाच जास्त भरवशाचा, कारण त्याला समीकरणातले टी-वन, गुणांक वगैरे लागत नाहीत, घड्याळ लागतं.

आणि आता कफचा खरा फायदा, ज्यासाठी मी हे शीर्षक दिलं. कफने धमनी पूर्ण दबली असेल तर ती ५ मिनिटं पोटरीत प्रवाह शून्य असतो. अंदाजे शून्य नाही, खरोखर शून्य. त्या वेळात एएसएल चालू ठेवा आणि काय आकडा येतो ते बघा. शून्याच्या आसपास वरखाली होत असेल तर तुमची पद्धत नीट आहे. सतत ६ किंवा ७ येत असेल तर ते रक्त नाही, ती तुमच्या सीक्वेन्सची (पल्स आणि फोटोंच्या क्रमाची) चूक आहे, आणि तीच चूक रेस्टला पण आणि शिखरावर पण बसलेली आहे. मेंदूवाल्यांना ही सोय नाही, कुणाच्या गळ्याला कफ बांधणार! आपल्याला फुकट मिळालीय तर प्रत्येक पेशंटमध्ये वापरा आणि थिसिसमध्ये तो आकडा छापा. स्नायूच्या प्रवाहाचा कुठलाही पेपर वाचताना मी आधी हेच शोधतो, बंद केलेल्या पायात यांना काय मिळालं, आणि ते दिलं नसेल तर पुढचे रंगीत नकाशे मी फार मनावर घेत नाही.

शून्य का येत नाही याची नेहमीची कारणं सांगतो. पोटरीसाठी बहुतेक जण एएसएलचा फेअर नावाचा प्रकार वापरतात, ज्यात एकदा पूर्ण भाग उलटवतात आणि एकदा फक्त स्लाइसचा पट्टा. दोन्ही पल्स स्लाइसच्या आत तंतोतंत सारख्या बसल्या नाहीत तर स्थिर स्नायूच पूर्ण वजा होत नाही, आणि अर्धा टक्का जरी उरला तरी तो तुमच्या ०.०३ च्या सोळा-सतरा पट. उपाय म्हणजे उलटवायचा पट्टा इमेजिंग स्लाइसपेक्षा चांगला रुंद ठेवा, आणि शक्य असेल तर स्लाइसमधलं चुंबकत्व आधी सॅच्युरेट करून पुसून टाका. पॅरिसच्या गटाने २००१ च्या सुमारास स्नायूसाठी सॅच्युरेशन वापरून जी पद्धत आणली तिचा गाभा हाच आहे, तिला साटिर म्हणतात. दुसरं कारण चरबी. फास्ट इमेजमध्ये कातडीखालच्या चरबीची सावली सरकून स्नायूवर पडते, वयस्कर आणि मधुमेही पेशंटमध्ये स्नायूच्या आतसुद्धा चरबी शिरलेली असते, म्हणून फॅट सप्रेशन कडक हवं आणि शिमिंगला (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करायला) दोन मिनिटं जास्त द्या. तिसरं म्हणजे हालचाल, पण त्यावर वाळूच्या पिशव्या आणि पट्टे यापेक्षा मोठं ज्ञान माझ्याकडे नाही.

कॉइलचं (पायाभोवती लावायच्या अँटेनाचं) एक मात्र नक्की तपासा, हे कुणी सांगत नाही. गुडघ्याच्या काही कॉइल स्वतःच पल्स पाठवतात पण आणि सिग्नल घेतात पण. तशी कॉइल वापरली तर उलटवलेलं रक्त फक्त कॉइलच्या आतलंच असतं, वर मांडीतलं रक्त तसंच राहतं, बोलस तोकडा पडतो आणि प्रवाह कमी दिसतो, विशेषतः शिखरावर जेव्हा रक्त जोरात येतं तेव्हा. पाठवायला मशीनची बॉडी कॉइल आणि घ्यायला गुंडाळायची फ्लेक्स कॉइल, असं करा. टेक्निशियनला नीट विचारा, तो दोन मिनिटांत सांगेल.

तुमच्या मशीनवर मेंदूसाठी पीकॅसल (एका जागेवरून जाणाऱ्या रक्ताला सलग लेबल लावणारा एएसएलचा प्रकार) असेल, तो पायाला लावायचा मोह होतो कारण मेंदूत तो सगळ्यात भारी. पायात रेस्टला तो घोटाळा करतो. गुडघ्यामागच्या धमनीत आरामात रक्त एकसारखं वाहत नाही, एका ठोक्यात पुढे जातं, थोडं मागे येतं, परत पुढे जातं, आणि पीकॅसलला ठरावीक वेगाने एका दिशेला जाणारं रक्त हवं असतं. कफ सोडल्यावर मागे येणं थांबतं तेव्हा तो बरा चालतो, पण मग रेस्ट आणि शिखर यांची कार्यक्षमता वेगवेगळी झाली ना, तुलना कशी करणार. म्हणून फेअरच बरा.

आता तुमच्या पेशंटमधली सगळ्यात अवघड गोष्ट. मुख्य धमनी बंद असेल तर रक्त आडवाटेच्या छोट्या रक्तवाहिन्यांतून फिरून येतं आणि त्याला वेळ लागतो. तुम्ही १.८ सेकंदाला फोटो काढला आणि ते रक्त अडीच सेकंदाला पोचणार असेल तर एएसएल म्हणणार प्रवाह कमी, प्रत्यक्षात प्रवाह आहे पण उशिरा आहे. आणि तोपर्यंत थांबावं तर लेबल विरत जातं. यावर पूर्ण इलाज नाही. एक-दोन वेगवेगळ्या थांबण्याच्या वेळा घेऊन बघता येतं, पण वेगाने बदलणाऱ्या आलेखात त्याला जागा कमी असते. निदान प्रत्येक पेशंटची व्यायामाआधीची आणि नंतरची तुलना त्याच्या स्वतःशीच करा, दोन्ही वेळा तेच सेटिंग, तीच स्लाइसची जागा (गुडघ्याच्या सांध्यापासून मोजून लिहून ठेवा, अंदाजाने नको), आणि लिहिताना आडवाटेचा मुद्दा स्पष्ट लिहा. परीक्षक विचारणारच आहेत.

काँट्रास्टचं काय, तर रेडिओलॉजिस्ट चुकीचं सांगत नाहीयेत, सिग्नल भरपूर मिळतो. पण गॅडोलिनियम (काँट्रास्टमधला धातू) रक्तवाहिनीतून बाहेर झिरपतं आणि त्यातून जो आकडा निघतो त्यात प्रवाह आणि झिरपण्याचा वेग दोन्ही मिसळलेले असतात. प्रवाह जोरात असला की झिरपणं हीच मर्यादा होते, मग प्रवाह दुप्पट झाला तरी आकडा तेवढा हलत नाही, म्हणजे नेमका शिखरावर तो आंधळा. शिवाय एकदा दिलं की ते लगेच जात नाही, त्याच बैठकीत परत मोजणं कठीण. आणि तुमचे बरेच पेशंट मधुमेही असणार, किडनी कुरकुरणारी असणार. २००६ साली गॅडोलिनियमचा आणि किडनी निकामी असलेल्यांमधल्या त्या त्वचा कडक होण्याच्या आजाराचा संबंध पुढे आला, त्यानंतर जीएफआर (किडनी किती काम करते याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर लोक हात आखडायला लागले. नवीन काँट्रास्ट बरेच सुरक्षित आहेत हे खरं, तरी नुसत्या रिसर्चसाठी दोनदा इंजेक्शन, एथिक्स कमिटीपुढे तुम्हीच समजावा.

बोल्ड. ऑगावांनी १९९० मध्ये दाखवलं की ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन स्वतःच काँट्रास्टसारखं वागतं. पोटरीत ते सुंदर दिसतं, कफ फुगवला की सिग्नल हळूहळू घसरतो, सोडला की उसळी मारून वर जातो, आलेख बघून सगळे खूश. पण तो प्रवाह नाही. तो ऑक्सिजन किती आला आणि किती वापरला यातला फरक आहे, त्यात रक्ताचं प्रमाण मिसळलेलं आहे, आणि एकक नाही. व्यायामाने स्नायू ऑक्सिजन जास्त ओढायला लागला तर प्रवाह वाढूनसुद्धा बोल्ड तिथेच राहू शकतो. गाइडना नाराज करू नका, दोन एको (एका पल्सनंतर दोनदा सिग्नल) असलेला सीक्वेन्स घ्या, पहिल्या छोट्या एकोतून एएसएल, दुसऱ्या लांब एकोतून बोल्ड, एकाच कफमध्ये दोन्ही कामं. पहिला एको जितका छोटा तितका बरा, स्नायूचा टी-टू (सिग्नल विरायचा वेळ) ३०-३५ मिलिसेकंदच असतो, मेंदूसारखं निवांत राहिलात तर निम्मा सिग्नल तिथेच जातो. आणि कफ सोडल्याच्या पहिल्या मिनिटात बोल्ड इतका वेगाने बदलतो की लागोपाठच्या दोन फोटोंची सरळ वजाबाकी केली तर तो बदलच प्रवाह म्हणून घुसतो, म्हणून प्रत्येक फोटोतून त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोंची सरासरी वजा करा.

आयव्हीआयएम नावाचा डिफ्युजनवाला (पाण्याच्या बारीक हालचालीवरून प्रवाह काढणारा) प्रकार कुणीतरी सुचवेलच. लेबल नको, इंजेक्शन नको, कागदावर छान. पण पोटरीतले स्नायू शांत पडलेल्या माणसातही अधूनमधून आपोआप फडफडतात आणि डिफ्युजनमध्ये त्याचे काळे डाग पडतात, त्यात तो प्रवाहाचा भाग आधीच लंगडा. मी त्यावर पीएचडी टांगणार नाही. आणि व्यायामानंतर टी-टू इमेजमध्ये स्नायू पांढरा दिसतो तो रक्तप्रवाह आहे असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या, ते मुख्यतः पाण्याचं सरकणं असतं.

फेज काँट्रास्ट (इंजेक्शनशिवाय धमनीतल्या रक्ताचा वेग मोजणारा एमआरआय) मात्र जोडीला नक्की घ्या. गुडघ्यामागच्या धमनीत मिनिटाला किती मिलीलिटर जातंय ते मोजतं, नाडीच्या ठोक्याशी जुळवून. ते स्नायूचं नाही, त्यात हाड, कातडी, सगळंच आलं, पण एएसएल म्हणतं प्रवाह दुप्पट झाला आणि धमनी म्हणते काहीच झालं नाही, तर कुणीतरी खोटं बोलतंय हे कळतं.

व्यायाम मशीनच्या आत द्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, स्नायू आकसतो तेव्हा आतला प्रवाह दाबला जातो आणि रक्त मधल्या ढिल्या वेळेत येतं, म्हणून फोटो दोन आकुंचनांच्या मध्येच काढावे लागतात. शिवाय मशीनमध्ये गुडघा सरळ असतो, त्यामुळे पंजा दाबला की गॅस्ट्रोक्नेमियस (पोटरीचा वरचा स्नायू) जास्त काम करतो, गुडघा वाकवला तर भार सोलियसवर. कुठल्या स्नायूत शिखर येतं हे यावर बदलतं. स्नायूला किती रक्त लागू शकतं याचा अंदाज हवा असेल तर अँडरसन आणि साल्टिन यांनी १९८५ मध्ये फक्त मांडीचा पुढचा स्नायू चालवून १०० ग्रॅमला मिनिटाला २५० मिलीलिटरच्या आसपास प्रवाह दाखवला होता, तोही एमआरआयशिवाय. तुमचे पेशंट त्याच्या जवळपासही जाणार नाहीत. पहिल्या वर्षी कफच करा.

तयारीच्या बारीकसारीक गोष्टी भराभर. स्कॅन रूम एसीने गार असते, पाय गार पडले की प्रवाह बदलतो, पांघरूण द्या आणि १५-२० मिनिटं आडवं पडू द्या मगच सुरू करा. चहा-कॉफी नको त्या सकाळी. तंबाखू विचारताना सिगारेट ओढता का एवढंच विचारू नका, नाही म्हणणारे काका खर्रा खाऊन आलेले असतात आणि निकोटीन ते निकोटीनच. कफला धातू नको, नळी लांब घेऊन पंप बाहेर ठेवा. ५ मिनिटं कफ दुखतो, आधी बाहेर टेबलावर एकदा करून दाखवा म्हणजे आत गेल्यावर पाय झटकणार नाहीत. मांडीत बायपासची ग्राफ्ट किंवा स्टेंट असेल, शिरेत गुठळी होऊन गेली असेल, तर त्या पायाला कफ नाही. आणि विदर्भात आहात म्हणून मुद्दाम सांगतो, सिकलसेलची तपासणी झाल्याशिवाय कुणाला कफ लावू नका. ५ मिनिटं ऑक्सिजन तोडणं हे सिकलच्या पेशंटमध्ये करायची गोष्ट नाही, तुमच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न वरच घाला.

शेवटचा तुमचा प्रश्न, की १२ आठवड्यांत फरक दिसेल का. चालण्याच्या व्यायामाने या पेशंटचं चालायचं अंतर चांगलं वाढतं पण घोट्याचा एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) फारसा हलत नाही हे जुनं निरीक्षण आहे, म्हणजे सुधारणेचा बराच भाग प्रवाहात नसून स्नायू आलेला ऑक्सिजन कसा वापरतो यात असू शकतो. त्यामुळे शिखर तेवढंच राहिलं आणि अंतर वाढलं तर तुमचा प्रयोग फसला असं नाही, तोच तुमचा निकाल. पण तो निकाल म्हणून मांडता यायला हवा, त्यासाठी व्यायाम सुरू करायच्या आधी काही जणांना आठवड्याच्या अंतराने दोनदा स्कॅन करून शिखर आणि शिखराची वेळ आपोआप किती बदलते ते काढून ठेवा. एबीआय पण सगळ्यांचा घ्याच, फक्त मधुमेहींमध्ये धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसून ती कफने दबत नाही आणि १.४ च्या वर आकडा जाऊन सगळं छान आहे असं वाटतं, अशांचं पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्या. पुढच्या रविवारी पेशंट बोलावू नका, स्वतः झोपा नाहीतर मित्राला झोपवा, कफ फुगवून ५ मिनिटं एएसएल चालवा आणि काय आकडा येतो ते कळवा, पुढचं सेटिंग त्यावरून ठरवू.